खताचा हिशोब पोत्यात नको, किलोत करा
(वाचकांचे प्रश्न – धान्यपिकं आणि खत)

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: खत भरपूर घालतो, पीक मात्र जागचं हलत नाही. मका, भात, शाळू (रब्बी ज्वारी) आणि गहू या चार पिकांवरची पत्रं निवडली आहेत. दुसऱ्याच्या रानाची उत्तरंही वाचा. हिशोबाची रीत सगळीकडे तीच आहे, बदलतात ते आकडे.

प्रश्न : मक्याला एकरी दोन पोती डीएपी आणि तीन पोती युरिया घालतो. डीएपी पेरताना, एक युरिया पेरताना आणि दोन युरिया वीस-पंचवीस दिवसांनी. तरी उतारा २२ क्विंटलच्या वर जात नाही. आणखी कोणतं खत घालावं?
— निपाणी भागातील वाचक

आणखी घालण्याआधी घातलेलं मोजू. डीएपीचं (डायअमोनियम फॉस्फेटचं) पोतं ५० किलोचं, त्यात १८ टक्के नत्र (नायट्रोजन) आणि ४६ टक्के स्फुरद (फॉस्फेट). दोन पोत्यांतून १८ किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद गेलं. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं येतं, नत्र ४६ टक्के. तीन पोत्यांतून ६२ किलो. म्हणजे एकरी एकूण नत्र ८० किलो, स्फुरद ४६ किलो आणि पालाश (पोटॅश) शून्य.

आता पिकाची गरज. एक क्विंटल मका पिकायला ताटांसकट साधारण सव्वादोन किलो नत्र, एक किलो स्फुरद आणि दोन-सव्वादोन किलो पालाश लागतं. २२ क्विंटलला नत्र ५० किलो, स्फुरद २२ किलो, पालाश ४५-४८ किलो. स्फुरद तुम्ही गरजेच्या दुप्पट घालताय, पालाशाचा दाणाही नाही. दाण्यांतून पालाश फार जात नाही, क्विंटलला अर्धा किलोच्या आसपास. बाकीचं सगळं ताटांत असतं. ताटं रानात कुजली तर ते परत मिळतं. तुमच्या भागात ती गोठ्यात जातात किंवा बांधावर पेटवली जातात. गोठ्यात गेलेलं निदान शेणखतातून परत येऊ शकतं, तेही खत त्याच रानात पडलं तर. बांधावर जाळलेल्या ताटांची राख बांधावरच राहते.

नत्राचा प्रश्न वेगळा आहे. खताशिवाय तुमच्या रानात ११ क्विंटल मका येतो असं धरलं, तर जमीन स्वतः २५ किलो नत्र देते. पिकानं घेतलं ५०. मग तुमच्या ८० किलोंपैकी पिकाच्या तोंडी २५ किलोच पडलं, शंभरातलं तीस. याचं कारण वेळ. मका पहिल्या तीन आठवड्यांत एकूण नत्राचा दहावा हिस्साही घेत नाही. त्याची खरी भूक आठ पानांपासून तुरा पडेपर्यंत, म्हणजे साधारण ३० ते ५५ दिवसांत असते. तुमचं सगळं नत्र त्याआधीच रानात पडतं, आणि जूनअखेर-जुलैच्या पावसात खाली झिरपतं किंवा साचलेल्या पाण्यात वायू होऊन जातं.

२८ क्विंटल हे उद्दिष्ट धरा. त्याला ६४ किलो नत्र लागेल. जमिनीचं २५ वजा केलं की उरलं ३९. हप्ते वेळेवर दिले तर घातलेल्यातलं पन्नास-पंचावन्न टक्के पिकाला लागतं, म्हणून घालायचं ७० किलोच्या आसपास. डीएपीचं एकच पोतं घ्या (नत्र ९, स्फुरद २३). युरिया तीन पोतीच राहू दे, पण असा द्या: पेरताना २५ किलो, ३० दिवसांनी गुडघाभर झाल्यावर ५५ किलो, तुरा पडायच्या आधी ४५-५० दिवसांनी ५५ किलो. वाचलेल्या डीएपीच्या जागी ४० किलो म्युरेट ऑफ पोटॅश, पेरणीवेळी. माती तपासणीत स्फुरद कमी निघालं तर मात्र दीड पोतं डीएपी राहू दे. पालाश भरपूर निघालं तर पोटॅश अर्धं करा.

युरिया ओळीपासून चार बोटं लांब टाका आणि लगेच कोळपं फिरवा. चुनखडीच्या काळ्या रानात वर पडलेला युरिया दोन-तीन उन्हांत अमोनिया होऊन उडतो. आणि रोपं मोजा. ६० बाय २० सेंटिमीटरवर एकरी ३३ हजारांच्या वर रोपं बसतात. निम्म्या नांग्या (रोप न उगवलेल्या जागा) असतील तर कोणतंच खत २८ क्विंटल देणार नाही.

'जमीन स्वतः किती देते' हे अंदाजानं ठरवू नका. एक गुंठा, म्हणजे ३३ बाय ३३ फुटांचा तुकडा, रानाच्या मध्यावर आखून घ्या. बांधाकडेला नको. त्यात स्फुरद आणि पालाश द्या, युरिया-डीएपी अजिबात नको. स्फुरदासाठी तिथं सिंगल सुपर फॉस्फेट वापरा. काढणीला त्या गुंठ्यातले वाळलेले दाणे वेगळे वजन करा. जितके किलो भरतील त्याला ०.४ नं गुणलं की एकरी क्विंटल मिळतात. २७ किलो भरले तर एकरी १०.८. हा आकडा वहीत लिहून ठेवा, दोन-तीन वर्षं त्याच्यावर हिशोब चालेल. एका गुंठ्याचं नुकसान फार तर चाळीसएक किलो मका आहे.

प्रश्न : तांबडी माती, डोंगराकडचा पाऊस. मे अखेरीस कुरीनं कोरडी भातपेरणी करतो. पेरतानाच युरिया देतो, तरी जुलैत भात पिवळं पडतं. मग पुन्हा पोतंभर टाकतो. थोड्या रानात बेळगाव बासमती असते, ती दरवर्षी पडते.
— खानापूर तालुक्यातील वाचक

पेरतानाचा युरिया पूर्ण बंद करा. कोरड्या, हवा खेळत्या मातीत युरियाचं दोन-तीन आठवड्यांत नायट्रेट होतं. रोप तेव्हा बोटभर असतं, ते काही घेत नाही. मग जूनमध्ये पाऊस कोसळतो, रान भरतं. नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. काही खाली झिरपतं, आणि साचलेल्या पाण्याखाली हवा संपली की मातीतले जिवाणू उरलेल्याचा वायू करून टाकतात. जुलैत तुम्हाला दिसणारा पिवळेपणा हा त्याचा परिणाम आहे.

पेरणीला फक्त स्फुरद, निम्मं पालाश आणि शेणखत द्या. नत्राचा पहिला हप्ता पेरणीनंतर २०-२५ दिवसांनी, भांगलण झाल्यावर. तणात टाकलेला युरिया तण खातं. दुसरा फुटव्यात, तिसरा पोटरीची (कणीस धाटात तयार होण्याची) सुरुवात होताना. खाचरात पाणी उभं असेल तर ते काढून चिखलावर युरिया टाका आणि एक-दोन दिवसांनी पाणी पुन्हा अडवा. मोठ्या पावसाच्या तोंडावर टाकू नका. दोन दिवसांची उघडीप मिळत नसेल तर चार दिवस उशीर चालतो. नायट्रेटयुक्त खत भाताच्या उभ्या पाण्यात कधीही नको.

हप्ता द्यायचा की नाही, हे पानालाच विचारता येतं. पानाच्या रंगाचा तक्ता मिळतो, चार हिरव्या पट्ट्यांची प्लॅस्टिकची पट्टी, २ ते ५ आकड्यांची. पेरलेल्या भातात २१ दिवसांनंतर, लावणीच्या भातात १४ दिवसांनंतर सुरुवात करून दर आठ-दहा दिवसांनी पाहायचं. दहा निरोगी रोपांचं वरचं पूर्ण उघडलेलं पान घ्या. तोडू नका, मधला भाग पट्टीवर ठेवून रंग जुळवा. पाठ सूर्याकडे करून आपल्या सावलीत पाहा आणि प्रत्येक वेळी साधारण त्याच वेळेला, सकाळी, पाहा. उन्हात रंग फिका भासतो. लावणीच्या सुधारित जातीला खूण ४, पेरलेल्या भाताला आणि बासमतीला ३. दहापैकी सहा किंवा जास्त पानं खुणेपेक्षा फिकी असली तर एकरी २०-२५ किलो युरिया टाका, नाहीतर पुढच्या पाहणीपर्यंत थांबा. फुलोरा सुरू झाला की तक्ता ठेवून द्या. चुडात पसरलेला मोठा करपा किंवा पाण्यातल्या लोहामुळे आलेली तांबूस झाक असेल तर मात्र तक्ता फसवतो. असं रोप निवडू नका.

बासमती पडते ती नत्राच्या जादा मात्रेमुळं. ही उंच वाढणारी जात आहे, धाट बारीक. सुधारित भाताला एकरी ४० किलोपर्यंत नत्र पचतं, हिला २०-२५ किलो पुरे. त्याहून जास्त गेलं की ती फक्त उंच होते, करपा धरतो आणि ऑक्टोबरच्या वाऱ्या-पावसात झोपते. हप्ता १७ किलो युरियापेक्षा मोठा ठेवू नका आणि पोटरीनंतर नत्र देऊच नका.

पालाशाचं तुमच्या तांबड्या मातीत विशेष लक्ष ठेवा. ही माती पालाश धरून ठेवत नाही, म्हणून निम्मं पेरणीला आणि निम्मं पोटरीच्या सुरुवातीला. एक टन पिंजरातून (भाताच्या पेंढ्यातून) १८ किलोच्या आसपास पालाश रानाबाहेर जातं, तीस किलो पोटॅश खत गेलं म्हणा. पिंजर जनावरांना लागतं हे खरं, पण मग त्या जनावरांचं शेणखत भाताच्या रानात परत आलं पाहिजे, परसातल्या भाजीत संपता कामा नये. मातीचा सामू (पीएच) साडेपाचच्या खाली असेल तर स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट चालतं, तिथल्या आम्लात ते हळूहळू विरघळतं. अथणीच्या काळ्या रानात तेच खत मातीत तसंच पडून राहील.

प्रश्न : माती तपासणीचा कार्ड आला, पण सगळा कन्नडमध्ये. मुलाला वाचता येतं, अर्थ लागत नाही. त्यावरून खत कसं ठरवायचं?
— बेळगाव तालुक्यातील वाचक

कार्डावरचं सारजनक म्हणजे नत्र, रंजक म्हणजे स्फुरद, सतु म्हणजे जस्त, सावयव इंगाल म्हणजे सेंद्रिय कर्ब, रससार म्हणजे सामू. गंधक आणि पोटॅश तेच. कडिमे कमी, हेच्चु जास्त. एवढं हाताशी असलं की कार्ड वाचता येतो.

आकड्यांचं असं: सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर नत्र कमी समजा, ०.७५ च्या वर जास्त. जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) खाली असेल तर द्यावंच लागेल, गंधक १० पीपीएमच्या खाली असेल तर तेही. साधी रीत अशी की जे कमी ते शिफारशीपेक्षा पाव हिस्सा वाढवा, जे जास्त ते पाव हिस्सा घटवा, मध्यम असेल तर जसंच्या तसं.

समजा कोरडवाहू मक्याला हेक्टरी १००:५०:२५ अशी शिफारस आहे. कार्डावर नत्र कमी, स्फुरद जास्त, पालाश मध्यम. मग झालं १२५ : ३७.५ : २५. आता अडीचनं भागा, एकरी ५०:१५:१०. ही भागाकाराची पायरीच सगळ्यात जास्त वेळा चुकते. शिफारस हेक्टरची, आपण एकरात पेरतो, आणि काही पत्रकं एकरात आकडे देतात तर इकडचा कार्ड हेक्टरात; दोन्ही शेजारी ठेवली की गोंधळ ठरलेला. आधी एकक पाहा. मग खत काढा: १५ किलो स्फुरदाला ३३ किलो डीएपी, त्यातून ६ किलो नत्र आलं. उरलेल्या ४४ किलो नत्राला ९६ किलो युरिया. १० किलो पालाशाला १७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश.

कार्डाची किंमत नमुन्यावर ठरते. एका रानातून नागमोडी चालत पंधराएक जागा निवडा. वरचा पालापाचोळा बाजूला सारा, इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची वरपासून तळापर्यंत बोटभर जाडीची चकती काढा. सगळी माती स्वच्छ घमेल्यात मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या पोत्यात माती ठेवली तर पालाश-स्फुरदाचे आकडे खोटे येतात. बांध, झाड, उकिरड्याची जागा, पाण्याची चारी टाळा. तांबडं आणि काळं रान एकत्र कालवू नका, प्रत्येकाचा वेगळा नमुना. उन्हाळ्यात, शेणखत पसरायच्या आधी घेतलेला सगळ्यात चांगला. नमुना जवळच्या रयत संपर्क केंद्रात देता येतो. बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोपचं कृषी विज्ञान केंद्र आहे.

आणखी एक. अहवालात कुठे फॉस्फरस दिलेला असतो, कुठे स्फुरद. फॉस्फरसला २.२९ नं गुणलं की स्फुरद येतं, पोटॅशियमला १.२ नं गुणलं की पालाश. न गुणता खत काढलं तर सगळा हिशोब सरकतो.

प्रश्न : एक बाटली नॅनो युरिया म्हणजे एक पोतं युरिया, हे खरं का?
— रायबाग तालुका

बाटलीवरचा नत्राचा टक्का वाचा. ४ टक्क्यांची ५०० मिलीची बाटली असेल तर त्यात २० ग्रॅम नत्र आहे. २० टक्क्यांची असेल तर १०० ग्रॅम. युरियाच्या पोत्यात २० किलो ७०० ग्रॅम. एक क्विंटल मक्याला सव्वादोन किलो नत्र लागतं, ते कुठून तरी यावंच लागणार. पेरणीचा आणि मुख्य हप्त्याचा युरिया बाटलीवर सोडू नका. जोडीला फवारायचा असेल तर फवारा.

प्रश्न : काळ्या रानात पावसाच्या ओलीवर शाळू घेतो. शेजारचे पेरणीनंतर महिन्यानं युरिया विस्कटतात. करावं का?
— अथणी तालुका

करू नका. ऑक्टोबरनंतर वरची माती सुकते, युरिया तिथंच पडून राहतो. मुळं तेव्हा खालच्या ओलीत असतात. शाळूचं सगळं खत पेरतानाच, ओलीत, बियाण्याच्या खाली पडलं पाहिजे. दोन चाड्यांच्या कुरीनं एका चाड्यातून खत, दुसऱ्यातून बी. खत बियाण्यापासून दोन बोटं खाली आणि दोन बोटं बाजूला हवं. युरिया बियाण्याला लागून पडला तर अमोनियानं कोंब जळतो आणि ओळीत नांग्या पडतात.

खोल काळ्या रानात एकरी २० किलो नत्र आणि १० किलो स्फुरद पुरतं: २२ किलो डीएपी आणि ३५ किलो युरिया. मुरमाड, उथळ रानात निम्मं. ओल मोजून असते, हे शाळूच्या बाबतीत कधी विसरू नये. जादा नत्र दिलं की पालं फोफावतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरातच खालची ओल पिऊन टाकतं. मग दाणा भरायच्या वेळी ताट उपाशी, दाणा चिपाड, आणि कमकुवत बुडख्यात खडखड्या रोग शिरतो. ताट हलवलं तर बुंधा पोकळ लागतो, कणसासकट आडवं होतं. कडब्याला जास्त भाव आहे म्हणून नत्र वाढवणाऱ्यांचा कडबाही काळा पडून हाताला लागत नाही. शेवटच्या पावसाची ओल तीन फुटांपर्यंत आहे का हे पेरणीआधी लोखंडी सळई दाबून पाहा. ओलीत ती सहज जाते, कोरडं लागलं की अडते. ओल दीड-दोन फूटच असेल तर खत निम्म्यावर आणा.

प्रश्न : मक्याची कोवळी पानं पांढरी पट्टेरी पडली. झिंक सल्फेट डीएपीत मिसळून दिलं होतं. मग असं का?
— हुक्केरी तालुका

मिसळल्यामुळेच. जस्त आणि स्फुरद एकत्र आले की न विरघळणारा क्षार होतो, दोन्ही पिकाला मिळत नाहीत. पुढच्या हंगामात एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात कालवून पेरणीआधी वेगळं टाका. दोन-तीन हंगाम पुन्हा गरज पडत नाही. आता उभ्या पिकाला एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना, चुन्याची निवळीच वापरा. दहा दिवसांनी पुन्हा.

ही खूण जस्ताचीच आहे ना, याची खात्री पानाच्या जागेवरून करा. जस्तात कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना बुडाकडे पांढरट पट्टे येतात. नत्र कमी पडलं तर सगळ्यात खालचं पान शेंड्याकडून मधल्या शिरेवरून पिवळं होत येतं. पालाशात खालच्याच पानांच्या कडा करपतात. रानाची लेव्हल करताना वरची माती कापली गेली असेल तर पट्टे त्या कापलेल्या भागातच दिसतील.

प्रश्न : सोयाबीननंतर गहू करतो. शिवाय दोन ट्रॉल्या शेणखत घातलं आहे. युरिया किती कमी करू?
— बैलहोंगल तालुका

सोयाबीन जमिनीत पुष्कळ नत्र सोडून जातं असं सर्रास बोललं जातं. ते अर्धवट खरं आहे. सोयाबीनच्या दाण्यात सहा टक्क्यांच्या वर नत्र असतं, ८ क्विंटल दाण्यांतून पन्नासएक किलो नत्र मळणीबरोबर बाहेर जातं. गाठींतून आलेलं बहुतेक तेच. जमिनीत उरतं ते गळलेला पाला आणि मुळांतलं. म्हणून एकरी ८ किलोपेक्षा जास्त वजा धरू नका, आणि पाला रानात राहिला असेल तरच.

शेणखताच्या दोन ट्रॉल्या पाच टन धरू. चांगलं कुजलेलं असेल तर त्यात २५ किलो नत्र, १०-१२ किलो स्फुरद, २५ किलो पालाश. पहिल्या हंगामात नत्रातलं पाव ते तिसरा हिस्साच मिळतं, म्हणजे सातएक किलो. पालाश मात्र बहुतेक सगळं. तेव्हा युरिया एकूण ३० किलोनं कमी करा आणि पालाशाचं वेगळं खत या वर्षी नको. खत अर्धकच्चं, काडीकचऱ्याचं असेल तर नत्र वजा धरूच नका. कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र आधी ओढून घेतात आणि गहू महिनाभर पिवळा राहतो.

उरलेला युरिया दोन हप्त्यांत: निम्मा पेरणीला, निम्मा २१ दिवसांच्या पाण्याच्या आदल्या संध्याकाळी. त्या वेळी मुकुटमुळं फुटतात आणि फुटव्यांची संख्या ठरते. हे पाणी लांबलं तर युरियाही थांबवा, कोरड्यात टाकू नका. पुढचं पाणी पाळीनं येणार असेल तर पाळीची तारीख आधी विचारून घ्या आणि हप्ता तिच्याशी जुळवा.